शूबर्टचा हिवाळा आधी की शूमानचा मे महिना?

ख्याल आणि भावगीत ऐकत वाढलेल्या माणसाला कधीतरी एक गायक आणि एक पियानो एवढ्यावर उभी असलेली जर्मन गाणी ऐकावीशी वाटतात. चौकशी केली की दोन नावं हमखास कानावर येतात. संगीतकार फ्रान्झ शूबर्टची 'विंटररायझे', म्हणजे हिवाळ्यातला प्रवास, आणि संगीतकार रॉबर्ट शूमानची 'डिश्टरलीबे', म्हणजे कवीचं प्रेम. दोन्ही गीतमाला आहेत, आणि दोन्हींत प्रेमात हरलेला एक तरुण आहे. आधी कुठली, असं विचारलं तर बहुतेक जण शूमान सुचवतात. त्याची 16 गाणी अर्ध्या तासात संपतात, शूबर्टच्या 24 गाण्यांना सव्वा तासाच्या आसपास लागतो. आपल्या कानासाठी हा सल्ला मला पुरता पटत नाही.

कारण आहे 'विंटररायझे'चं शेवटचं गाणं, 'डेर लायरमान', म्हणजे चाकाचं वाद्य वाजवणारा. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा गारठलेल्या बोटांनी चाक फिरवून आपलं वाद्य वाजवतो आहे. त्याच्या थाळीत एक नाणं नाही, कुणी ऐकत नाही, कुत्री त्याच्याभोवती गुरगुरतात. त्या वाद्याच्या काही तारा चाक फिरेपर्यंत एकाच स्वरावर घुमत राहतात, म्हणून शूबर्टने पियानोच्या डाव्या हाताला गाणंभर फक्त षड्ज-पंचम दिला आहे. दुसरं काही नाही. युरोपच्या श्रोत्याला ती पोकळी अंगावर काटा आणते. आपण मात्र लहानपणापासून तानपुऱ्यावर हेच ऐकत आलो आहोत. सा-प सुरू झाला की आपल्याला मैफल आता रंगणार असं वाटतं, आणि इथे त्याच सा-पवर एक माणूस सगळं गमावून उभा असतो. 'तुझ्याबरोबर येऊ का? माझ्या गाण्यांना तुझी साथ देशील?' असं तो म्हाताऱ्याला विचारतो आणि गाणं थांबतं. उत्तर येत नाही. जेमतेम चार मिनिटांचं हे गाणं आधी ऐकावं. ते भिडलं तर शूबर्टपासून सुरुवात करायला हरकत नाही.

मग पहिल्या गाण्यावर यावं. 'गूटे नाख्ट', शुभ रात्री. परका म्हणून आलो, परका म्हणूनच निघालो, असं म्हणत तो रात्री तिच्या दारावरून चालू लागतो. पियानोत पावलांसारखे एकसारखे स्वर पडत राहतात. सुरावट मायनरमध्ये, म्हणजे आपल्या कानाला कोमल गंधाराची. शेवटच्या कडव्यात, तुझी झोपमोड नको म्हणून मी दार हळूच लोटतो, असं तो म्हणतो आणि तिथे गंधार शुद्ध होतो. एवढा एक स्वर बदलला की तो अजून तिच्यावर रागावू शकलेला नाही हे कळतं. राग ऐकायची सवय असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

अडचणही सांगायला हवी. ख्यालाचा श्रोता इथे बढत शोधायला लागला तर निराश होईल. प्रत्येक स्वर लिहिलेला आहे, उपज नाही. बढत होते ती गाण्यागणिक. पाचव्या गाण्यातल्या लिंडनच्या झाडाची ऊब, तेराव्यात वाजणारं टपालगाडीचं शिंग, पंधराव्यात डोक्यावर घिरट्या घालणारा कावळा. मधेच सोडलं तर ही उतरण हातून निसटते. शूबर्टने ही गाणी मित्रांना पहिल्यांदा म्हणून दाखवली तेव्हा तेही गोंधळले होते. एकाला फक्त लिंडनचं गाणं आवडलं. मला ही बाकी सगळ्यांहून जास्त आवडतात, असं शूबर्ट म्हणाल्याची आठवण त्याच्या मित्राने लिहून ठेवली आहे. गाणी 1827 सालची. या गाण्यांचा कवी विल्हेल्म म्युलर त्याच वर्षी गेला आणि शूबर्ट पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, 31 व्या वर्षी. दुसऱ्या भागाची मुद्रितं त्याने आजारपणात तपासली.

शूमानकडे जावं ते कवितेच्या ओढीने. 1840 मध्ये त्याने शंभराहून अधिक गाणी लिहिली. प्रेयसी क्लाराशी लग्न करायला तिच्या वडिलांचा विरोध होता, प्रकरण कोर्टात गेलं होतं. 'डिश्टरलीबे' त्याच वर्षीच्या मे-जूनमधली, लग्न सप्टेंबरातलं. कविता हाइनरिश हाइनेच्या, आणि हाइने वाचायला गझलेचा कान कामाला येतो, कारण तोही शेवटच्या ओळीत पायाखालची जमीन काढून घेतो. तेराव्या गाण्यात तीन स्वप्नं आहेत. पहिल्यात ती थडग्यात पडली आहे, दुसऱ्यात ती सोडून गेली आहे, दोन्ही वेळा तो रडत जागा होतो. तिसऱ्या स्वप्नात ती अजून त्याचीच आहे, आणि जाग आल्यावर त्याला अश्रू आवरत नाहीत. या गाण्यात बराच वेळ गळा एकटाच असतो, पियानो दोन ओळींच्या मधे ठोका दिल्यासारखा वाजतो.

शूमानचा पियानो साथीला बसलेला नाही, त्याला स्वतःचं म्हणणं आहे. मे महिन्यातल्या कळ्यांचं पहिलं गाणं दीड मिनिटात संपतं, पण 'सा'वर येऊन थांबतच नाही. समेची वाट बघत ठेवल्यासारखं अधांतरी राहतं. शेवटच्या गाण्यात आपलं प्रेम आणि दुःख प्रचंड शवपेटीत घालून समुद्रात बुडवल्यावर गायक गप्प होतो आणि पियानो एकटाच बराच वेळ वाजत राहतो. भावगीतातले वाद्यमेळाचे तुकडे ज्यांना शब्दांइतकेच पाठ असतात, त्यांनी इथूनच यावं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. ध्वनिवर्धकाशिवाय सभागृह भरणारा, कंप असलेला तो आवाज आपल्या कानाला आधी परका वाटतो. म्हणून गीतमालेइतकाच गायकही विचार करून निवडावा. शूमानसाठी फ्रिट्झ वुंडरलिश, ह्युबर्ट गीझनच्या पियानोसह, 1965. इतका मोकळा, उबदार टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, की परकेपणा पहिल्या ओळीतच गळून पडतो. पुढच्याच वर्षी जिन्यावरून पडून तो गेला, 36 वर्षांचाही नव्हता.

शूबर्टसाठी मी हान्स हॉटरचं जेराल्ड मूरबरोबरचं 1954 चं ध्वनिमुद्रण पुढे करते. मूळ पट्टी उंच आवाजाची. हॉटरचा आवाज खर्जाचा, म्हणून तो पट्टी उतरवून गातो. आपल्याकडे जो तो आपल्या पट्टीत गातो, त्यामुळे आपल्याला यात वावगं काही वाटत नाही. डीट्रिश फिशर-डीस्काउने ही माला आयुष्यभर पुन्हापुन्हा गायली. 17 वर्षांचा असताना, 1943 मध्ये, बर्लिनमध्ये तो ती गात होता आणि बॉम्बहल्ल्यामुळे कार्यक्रम मधेच थांबला होता. त्याचं शब्दोच्चारण अत्यंत नेमकं आहे, पण जर्मन न येणाऱ्याला पहिल्या भेटीत त्या नेमकेपणाचा उपयोग कमी. त्याच्याकडे दुसऱ्या फेरीत जावं. ही व्यथा पुरुषाचीच का, असं वाटलं तर क्रिस्टा लुडविगचं ऐकावं, जेम्स लेव्हाइनच्या पियानोवरचं.

दोन्हींसाठी कवितेचं भाषांतर हातात हवंच, ओळीसमोर ओळ. शूमानचं एकेक गाणं दीड-दोन मिनिटांचं असतं, तेव्हा आधी कविता वाचून मग गाणं लावता येतं. शूबर्टचं आदल्या दिवशीच वाचून ठेवावं आणि ऐकताना कागद बाजूला ठेवावा. रोज थोडा वेळ मिळत असेल तर वुंडरलिश लावा. एखादी अख्खी संध्याकाळ मोकळी असेल, घरात कुणी हाक मारणार नसेल, तर हॉटर लावा आणि त्या म्हाताऱ्यापर्यंत चालत जा.