लिओटार्ड की युनिटार्ड?

मुलीच्या पहिल्या जिम्नॅस्टिक्स स्पर्धेआधी जळगाव-धुळ्याकडच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो. लिओटार्ड म्हणजे पाय उघडे ठेवणारा, अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख; युनिटार्ड तसाच, पण पायही झाकणारा. दोन्ही पोशाख नियमात बसतात. एप्रिल २०२१ मध्ये बासेलच्या युरोपीय स्पर्धेत आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन मुली घोट्यापर्यंतचे युनिटार्ड घालून उतरल्या, एवढंच नवं.

पकड: टक करताना, म्हणजे गुडघे छातीशी घेऊन अंग गोळा करताना, हात नडगी धरतात. कापड गुळगुळीत असेल तर घामेजला हात सटकतो. उघड्या पायाला ही अडचण कमी. उलट बारवर मांड्या घासतात, तिथे युनिटार्ड बरा.

उन्हाळा: मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये सरावाला लिओटार्डच. जुने सुती लिओटार्ड घाम शोषायचे पण लोंबायचे. १९५८ मध्ये स्पॅन्डेक्स हा ताणणारा धागा आला आणि पुढे अंगाबरोबर ताणणारं कापड रूढ झालं.

शिवण: इथेच बहुतेक फसतात. खांद्यापासून पायांमधून परत त्याच खांद्यापर्यंतचा घेर मोजा. तो कमी पडला तर वाकताना कापड वर चढतं आणि मुलीचा हात सारखा खाली जातो. चारही बाजूंनी ताणणारं कापड, बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई, झिगझॅग टाका. सरळ टाका पहिल्याच स्प्लिटला, म्हणजे पाय पूर्ण फाकवताना, तुटतो. युनिटार्डला कापड जास्त लागतं, आणि उंची वाढली की तो आधी आखूड होतो.

वाढत्या वयाची, रोज सराव करणारी मुलगी असेल तर लिओटार्ड. पाळी सुरू झालेली किंवा उघड्या पायांनी अवघडणारी असेल तर युनिटार्ड, पण स्पर्धेआधी दोन आठवडे त्यातच टक करून घ्या.