छोटं वाफेचं इंजिन: पाणी किती, स्पिरिट किती (नेरूळ, पावसाळ्यासकट सात महिने वापरून)

पितळी आडवा बॉयलर, काठोकाठ भरला तर 150 मिली. झुलता एकच सिलिंडर, सेफ्टी व्हॉल्व्ह 1.5 बार दाबाला उघडतो. या आकाराच्या इंजिनात एक नियम कधीच मोडायचा नाही: पाण्याआधी इंधन संपलं पाहिजे.

त्यासाठी बॉयलरमध्ये 110 मिली पाणी आणि त्याखालच्या दिव्यात 20 मिली स्पिरिट हे माप चोख बसलं. गार पाण्यापासून वाफ धरायला सहा-सात मिनिटं लागतात, पुढे तेरा-चौदा मिनिटं इंजिन चालतं आणि दिवा आपोआप विझतो. तेव्हा बॉयलरमध्ये साधारण 65 मिली पाणी शिल्लक असतं. ते वाया गेलं असं समजू नका. आत पाणी आहे तोवर 1 बार दाबाला बॉयलरचं तापमान 120 अंशांच्या आसपासच राहतं. बॉयलर कोरडा पडला की ते झपाट्याने चढतं, आणि सांध्यांचा 60/40 कथिल-शिशाचा डाख 183 अंशांना वितळायला लागतो.

स्पिरिटमधली निम्म्याहून जास्त उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे वातीकडे नीट लक्ष द्या. वात चार-पाच मिलिमीटरच वर ठेवा. ज्योत बॉयलरच्या कडेबाहेर यायला लागली की ते इंधन फुकट जातं. पंखा बंद, खिडकी उघडी. केटलमधलं गरम पाणी भरलं तर तीन मिली स्पिरिट सहज वाचतं. पण मग दिव्यातही तेवढं कमीच घाला, नाहीतर पाण्याचा हिशेब चुकतो. तापलेल्या दिव्यात स्पिरिट ओतू नये, उजेडात ज्योत दिसत नाही.

पाणी 120 मिलीच्या वर भरलं की वाफेबरोबर थेंब सिलिंडरमध्ये जातात, फ्लायव्हील (जड चाक) अडखळतं आणि पाणी नुसतं उडून जातं. सुरुवातीला सिलिंडर गार असतानाही हेच होतं, तेव्हा एक्झॉस्टमधून पाणी येणं थांबेपर्यंत चाक हातानेच फिरवा.

पाणी कमी भरूनही थेंब उडत असतील तर बॉयलरमध्ये तेल गेलंय का ते बघा. बंद बॉयलर गार होताना आत निर्वात होतो आणि सिलिंडरमधलं तेल मागे ओढलं जातं. मग पुढच्या वेळी पाणी फेसाळतं. दाब पूर्ण उतरल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह सैल केला की हा त्रास होत नाही. तेल मात्र जाड स्टीम सिलिंडर ऑइलच हवं; शिलाई मशीनचं तेल वाफेने धुऊन जातं.

मोरबे धरणाचं नळाचं पाणी चालतं, पण दर वेळी उरलेलं काढून टाका, नाहीतर क्षार साठत जातात. निम्मं डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत वरून घालतात ते, ॲसिड नव्हे) मिसळलं तर पांढरा थर फारच कमी धरतो. धरलाच तर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड, पंधरा मिनिटं, मग दोन-तीनदा खळबळून धुवा.

स्पिरिटऐवजी जाळायच्या हेक्झामिनच्या (घन इंधनाच्या) वड्या घेऊ नका असंच सांगेन. खाडीकाठच्या दमट हवेत त्या ओल धरतात, जळताना तडतडतात, बॉयलरच्या बुडाला चिकट थर बसतो, आणि फ्लॅटमध्ये त्यांचा वास लवकर जात नाही. आणल्याच असतील तर हवाबंद डब्यात ठेवा. स्पिरिटही हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे मोठा कॅन घेण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातली अर्ध्या लिटरची बाटली परवडते.