ग्लॉक 19 की बेरेटा 92एफएस?

दोन्ही 9 मिलिमीटरची पिस्तुलं, दोन्हींच्या मॅगझिनमध्ये 15 गोळ्या. तरी हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

वजन: रिकामं ग्लॉक साधारण 600 ग्रॅम, बेरेटा 950च्या आसपास. दिवसभर कमरेला लावायचं तर ग्लॉकच बरं. मात्र तेच वजन गोळी झाडताना बेरेटाचा झटका पचवतं. हलकं ग्लॉक सैल मनगटाने धरलं तर स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. दोष पिस्तुलाचा नसतो, पकडीचा असतो.

ट्रिगर: ग्लॉकचा दाब प्रत्येक वेळी सारखाच, त्यामुळे हात लवकर बसतो. बेरेटाची पहिली ओढ लांब आणि जड, पुढच्या हलक्या. नवशिक्याची पहिली गोळी हमखास खाली जाते. पण बेरेटाला हाताने लावायची सेफ्टी आहे, ग्लॉकला सहसा ती नसते. म्हणून ग्लॉकला ट्रिगर पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर (कमरेला लावायची म्यान) हवंच.

सफाई: इथे बेरेटा निर्विवाद सरस. बटण दाबा, खटका फिरवा, स्लाइड पुढे निघते. ग्लॉक उघडताना ट्रिगर ओढावा लागतो. म्हणून आधी मॅगझिन काढा, मग चेंबर (नळीतली गोळी बसायची जागा) डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. हा क्रम चुकला की घरातच गोळी सुटू शकते.

झीज: बेरेटाचा लॉकिंग ब्लॉक (नळी आणि स्लाइड एकत्र धरणारा तुकडा) तडकू शकतो, म्हणून रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) वेळेवर बदला. ग्लॉकची मूळ प्लास्टिकची साइट (नेम धरायची खूण) झिजते.

रोज जवळ बाळगायचं असेल तर ग्लॉक. रेंजवर निवांत नेमबाजी करायची असेल, हात मोठा असेल, तर बेरेटा.