डग्लस फरचा झोपाळा: आठ महिन्यांनी

आईच्या सुती साडीवर रुपयाएवढे तीन चिकट डाग पडले, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही अमेरिकेत ओरेगॉन राज्यात, पोर्टलंडजवळ राहतो. १९३९ पासून डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष ओरेगॉनचा राज्यवृक्ष आहे. दारात हे लाकूड असताना सागाला एवढे पैसे घालायचे कशाला, असा माझा हिशोब होता. नोव्हेंबरात दोन बाय बाराच्या दोन फळ्या आणल्या (प्रत्यक्षात दीड बाय सव्वाअकरा इंच भरतात, कड्यांची भोकं पाडताना लक्षात ठेवा) आणि गावाहून आणलेल्या पितळी साखळ्यांना टांगल्या. ताकदीबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. तीन मोठी माणसं बसली तरी फळी हूं की चूं करत नाही. लाकूड मऊ मात्र आहे. जान्का मोजणीत (लाकडाचा कठीणपणा मोजायची पद्धत) साग हजार पाउंडांच्या पुढे, हे ६६० च्या आसपास. तांब्या पडला तिथे खळगा पडलाच. तो मी मनाला लावून घेतला नाही.

राळेचं मात्र लावून घेतलं. जूनमध्ये पश्चिमेचं ऊन व्हरांड्यात आलं आणि गाठींभोवती थेंब फुटायला लागले. संध्याकाळी खरवडायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. स्पिरिटने पुसलं, चार दिवस बरं गेलं. तोवर मी झाडालाच बोल लावत होतो.

मग फळी उलटून शिक्का वाचला: ‘एस-जीआरएन’. म्हणजे रंधताना लाकडात ओलावा १९ टक्क्यांहून जास्त. भट्टीत सुकवलेल्या फळीवर ‘केडी’ असतं. भट्टी सत्तर अंश सेल्सिअसच्या वर नेली की राळेतला उडून जाणारा टर्पेंटाइनचा भाग निघून जातो, आणि उरलेली राळ नुसत्या उन्हाने सहसा पाझरत नाही. वखारीत मला ‘सुकवलेलं आहे’ असं तोंडाने सांगितलं होतं. शिक्क्याचा फोटो दाखवला, तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. फळीमागे थोडे डॉलर वाचवायला गेलो खरा, पण मला चुकीचं सांगितलं गेलं, हा राग अजून गेलेला नाही.

आई मे महिन्यात देवरुखहून आलीय. तिने डागाला बोट लावलं आणि म्हणाली, “अरे, हा फणसाच्या चिकासारखाच आहे की. खोबरेल आण.” तेल चोळून दहा मिनिटं ठेवलं, मग साबण. दोन डाग पूर्ण गेले, तिसरा फिकट राहिलाय. हाताची राळही तशीच निघते. फळीला मात्र तेल लावू नका, पुढे व्हार्निश धरत नाही.

एवढं होऊनही पुन्हा डग्लस फरच घेतलंय. पावसात व्हरांड्यात त्याचा जो वास दरवळतो, तो मला सोडवत नाही. या वेळी रॅकमधली एकेक फळी उलटून ‘केडी’ शिक्का बघितला, मगच पैसे दिले. जुन्या फळ्या उत्तरेच्या भिंतीशी सावलीत चपलांसाठी लावल्यात. तिथे महिन्याभरात एक थेंब आलेला नाही.