कॉक्रेन लायब्ररी: माल एक नंबर, पण कमिटीबद्दल बोलायचंय

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली येईल, त्याचा वेबसाइटशी फारसा संबंध नाहीये.

माझं सांगलीत मेडिकल आहे. दिवसभर काउंटरवर तेच ते चालू असतं, ताई सर्दीवर काहीतरी स्ट्राँग द्या, ताई व्हिटॅमिन सी ची दोन पाकिटं द्या ग्रुपवर आलंय रोज घ्यायची म्हणून, आणि आपण म्हणावं काका याचा तसा फार उपयोग नाही हो, तर काका असे बघतात की हिचा स्टॉक संपलाय वाटतं. मग दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी कॉक्रेन उघडून बसते. आता सवयच झालीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या उपचारावर जगभरात जेवढ्या ट्रायल (म्हणजे लोकांवर करून बघितलेल्या चाचण्या) झाल्या असतील तेवढ्या सगळ्या शोधायच्या, कुठली नीट केलीये आणि कुठली उगाच उरकलीये ते तपासायचं, आणि मग सगळ्यांचा मिळून एक हिशोब मांडायचा. या हिशोबाला रिव्ह्यू म्हणतात (हो, मी रिव्ह्यूंचा रिव्ह्यू लिहितेय). व्हिटॅमिन सी चंच घ्या. २०१३ च्या रिव्ह्यूत २९ ट्रायल आणि ११,३०६ लोक आहेत, आणि निघालं काय, तर रोज गोळी घेतली तरी सर्दी व्हायची ती होतेच, फक्त आजारपणाचे दिवस मोठ्यांमध्ये साधारण ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी. म्हणजे सात दिवसांची सर्दी साडेसहा दिवसांची. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर तेवढाही फायदा पक्का नाही. खरा फरक पडला तो मॅरेथॉन पळणारे, स्कीइंग करणारे आणि कडक थंडीत सराव करणारे सैनिक यांच्यात, ५ ट्रायल, ५९८ लोक, सर्दी निम्म्यावर आली. आता आमच्या गल्लीत स्कीइंग कोण करतंय. हे सगळं मी काकांना सांगते, काका ऐकतात, आणि पाकीट घेऊन जातात, आणि पैसे मी घेतेच, खोटं कशाला बोलू.

मधाचा रिव्ह्यू माझा सगळ्यात लाडका. मुलांच्या खोकल्यावर मध, २०१८ ची आवृत्ती, ६ ट्रायल, ८९९ मुलं. काहीच न देण्यापेक्षा मध बहुतेक बरा, आजी पास. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही, बोट्युलिझम नावाच्या जिवाणूंच्या विषबाधेचा धोका असतो, हे मात्र मी चाटण मागायला आलेल्या प्रत्येक आजीला ठणकावून सांगते.

किंमत म्हणाल तर आपल्याला फुकट. आयसीएमआरने (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) २००७ मध्ये अख्ख्या देशासाठी लायसन्स घेतलं, कमी उत्पन्नाच्या देशांत असं करणारा भारत पहिला. शिवाय नवे रिव्ह्यू एक वर्षानंतर सगळ्यांनाच मोकळे होतात. आणि प्रत्येक रिव्ह्यूला साध्या भाषेतला सारांश असतो, तोच वाचा, मुख्य रिव्ह्यू शंभर शंभर पानांचा असतो, माझी तरी पूर्ण वाचायची हिंमत नाही. एक मात्र तयारी ठेवा, निम्म्या वेळा उत्तर 'पुरावा कमी दर्जाचा आहे, नक्की सांगता येत नाही' असं येतं. सुरुवातीला चीड यायची. आता वाटतं निदान ठोकून तरी देत नाहीत.

आता कमिटी.

१९९३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये इयन चाल्मर्स आणि मंडळींनी ही कॉक्रेन संस्था सुरू केली, आर्ची कॉक्रेन नावाच्या डॉक्टरच्या नावाने. याला मालक नाही. वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर, नर्स, स्टॅटिस्टिक्सवाले, पेशंटसुद्धा, बरेचसे आपापली नोकरी सांभाळून काम करतात. एवढ्या लोकांना एका रांगेत ठेवायला मग सभासदांनी निवडून दिलेला स्टीअरिंग ग्रुप होता, त्याचं पुढे गव्हर्निंग बोर्ड झालं आणि निवडून आलेल्यांबरोबर बाहेरून नेमलेले लोकही बसायला लागले. आपल्याकडे नगरपालिकेत स्वीकृत नगरसेवक असतात ना, साधारण तसंच. निवडून आलेले जास्त आणि नेमलेले कमी असा नियम.

कुणी म्हणेल तुला काय करायचंय त्यांच्या बोर्डाशी, तू तुझा मध बघ. तर २००९ ला मी पुण्यात बी.फार्म. करत होते. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ऑगस्टमध्ये, आणि मग जे शहर बघितलं ते विसरणार नाही, शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, तोंडाला रुमाल, नायडू हॉस्पिटलबाहेर ही लांब रांग, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द टॅमिफ्लू. आम्ही फार्मसीची पोरं म्हणून घरून फोनवर फोन, तुझ्या ओळखीने मिळेल का गं. तेव्हा मला वाटायचं हे औषध म्हणजे रामबाण.

त्याच वर्षी तिकडे कॉक्रेनमध्ये वेगळंच चाललेलं. टॅमिफ्लूने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते असं त्यांच्या आधीच्या रिव्ह्यूत होतं, त्यावर हायाशी नावाच्या जपानी बालरोगतज्ज्ञांनी कमेंट पाठवली की अहो तुम्ही ज्या एका पेपरवर हे लिहिलंय त्यात १० ट्रायल आहेत आणि त्यातल्या २ च छापून आल्यात, उरलेल्या ८ तुम्ही बघितल्यात का? नव्हत्या बघितल्या. इथे दुसरं कुणी असतं तर कमेंट डिलीट. यांनी ती मान्य केली, रिव्ह्यू लिहिणारे टॉम जेफरसन आणि त्यांची टीम टॅमिफ्लू बनवणाऱ्या रोश कंपनीच्या मागे लागली की सगळे मूळ रिपोर्ट द्या, आणि ते यायला २०१३ उजाडलं. २०१४ च्या रिव्ह्यूत निघालं की मोठ्यांची लक्षणं ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर येतात, आणि हॉस्पिटलात भरती होणं कमी होतं असं काही दिसलं नाही. एकट्या ब्रिटनने तोपर्यंत ४२.४ कोटी पौंडांचं टॅमिफ्लू साठवून ठेवलेलं. मला ती नायडूची रांग आठवली आणि पोटात कसंतरी झालं.

म्हणजे या दुकानाचा सगळ्यात भारी माल कुणी बनवला, तर हटून बसणाऱ्या, समोरच्याला नको नको करणाऱ्या माणसांनी. म्हणून मला बोर्डाशी घेणंदेणं आहे.

आणि २०१८ मध्ये बोर्डाने नेमका असाच एक माणूस काढला. पीटर गोत्शे, कोपनहेगनचे, कॉक्रेन सुरू करणाऱ्यांपैकी एक, कॉक्रेनच्या नॉर्डिक सेंटरचे प्रमुख आणि स्वतः बोर्डावर निवडून आलेले. त्या वर्षी कॉक्रेनचा एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) रिव्ह्यू आला, त्यावर जेफरसन, गोत्शे आणि आणखी एकाने बाहेरच्या जर्नलमध्ये जाहीर टीका केली की तुम्ही बऱ्याच ट्रायल घेतल्याच नाहीत. कॉक्रेनच्या संपादकांनी तपासून सांगितलं की टीका वाढवून केलीये, निष्कर्ष बदलत नाही. (मी पण सांगते, लस घ्या मुलींना, माझ्या पुतणीने घेतलीये.) सप्टेंबरमध्ये एडिनबरामध्ये वार्षिक संमेलन, आणि त्याच्या तोंडावर बोर्डाने गोत्शेंचं सभासदत्व काढायला मतदान घेतलं. १३ जणांचं बोर्ड, गोत्शे स्वतः सोडून बाकीच्यांत ६ बाजूने, ५ विरुद्ध, एक तटस्थ. सहा विरुद्ध पाच! आमच्या अपार्टमेंटमध्ये पार्किंगचे पट्टे मारायचा ठराव यापेक्षा जास्त मतांनी पास होतो. चार निवडून आलेले सदस्य निषेध म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले, मग निवडून आलेले आणि नेमलेले यांचा तोल राहावा म्हणून दोन नेमलेल्यांनाही उतरावं लागलं. गोत्शे धरून १३ च्या बोर्डातले सात जण गेले की हो.

बोर्डाची बाजू अशी की हा टीकेचा प्रश्न नाही, वागणुकीचा आहे, वैयक्तिक मतं संस्थेच्या लेटरहेडवर लिहायची आणि वर्षानुवर्षं सांगून ऐकायचं नाही. गोत्शेंचं म्हणणं की संस्था धंदेवाईक झालीये आणि वेगळं बोलणारा नको झालाय. खरं सांगू, लेटरहेडचा मुद्दा मला पटतो. सोसायटीच्या लेटरहेडवर एका सभासदाने परस्पर पत्रं पाठवली तर मी पण भांडेन. पण मग समज द्या, पदावरून काढा, नॉर्डिक सेंटरचा प्रमुख दुसरा करा. संस्था उभी करणाऱ्या माणसाला पार बाहेर काढायचं आणि तेही एका मताच्या फरकाने, असा निर्णय सभासदांच्या सभेपुढे मताला न्यायला हवा होता, ती सभा त्याच संमेलनात होती की. गोत्शे तिथे हरले असते तर तो विषय कायमचा मिटला असता. हा माझा कापलेला स्टार.

त्यानंतर सगळं वाईटच झालं असं नाही. २०२० पासून नियम कडक झाला, रिव्ह्यूचा पहिला आणि शेवटचा लेखक आणि एकूण दोन तृतीयांश लेखक यांचे कंपन्यांशी पैशाचे संबंध नकोत, आधी नुसतं बहुमत पुरायचं. हे चांगलं केलं. २०२३ मध्ये मात्र दोन झटके बसले, ब्रिटन सरकारच्या संशोधन संस्थेने तिथल्या रिव्ह्यू ग्रुपांचे पैसे मार्चमध्ये बंद केले, आणि मास्कचा रिव्ह्यू. त्यात पण जेफरसनच! मास्क, हात धुणं वगैरे सगळ्या उपायांच्या मिळून ७८ ट्रायल, आणि लोकांनी अर्थ काढला 'मास्क निरुपयोगी', मग मुख्य संपादकांना जाहीर निवेदन काढावं लागलं की आमच्या सारांशातले शब्द चुकीचा अर्थ निघण्यासारखे होते, रिव्ह्यूतून ठाम काहीच सिद्ध होत नाही. लेखक त्यावर नाराज. पण बघा, यावेळी भांडण निदान सगळ्यांसमोर झालं, कुणाला काढलं नाही.

तुम्हाला यात घुसायचं असेल तर कॉक्रेन क्राउड म्हणून आहे, डिग्री लागत नाही. एकेक अभ्यासाचा सारांश समोर येतो, ही रँडम वाटणी केलेली (कुणाला कुठला उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) ट्रायल आहे का नाही एवढंच सांगायचं, आधी छोटं ट्रेनिंग असतं. एकट्याच्या उत्तरावर काही ठरत नाही, ओळीने काही जणांचं जुळलं तरच पक्कं, नाहीतर अनुभवी माणसाकडे जातं. मी दुपारी दहा-वीस करते, कँडी क्रशपेक्षा बरं. ठरावीक काम झालं की सभासदत्व मिळतं आणि बोर्डाच्या निवडणुकीत मत पण. सांगलीतल्या मेडिकलवाल्या बाईला लंडनच्या बोर्डासाठी मत, मला तर भारी वाटलं. पुढची निवडणूक आली की प्रत्येक उमेदवाराचं मनोगत वाचणार आहे, आणि शोधणार एकच गोष्ट, ती जपानी कमेंट याच्या हातात पडली असती तर याने काय केलं असतं.

काका आलेत. व्हिटॅमिन सी.