कॅनडाची पीआर: प्रांताच्या नामांकनाची वाट बघावी की फ्रेंच शिकावं?

एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडातल्या कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) गुणांवर माणसं निवडणाऱ्या व्यवस्थेत, प्रोफाइल आहे, पण गुण साडेचारशेच्या आसपास अडकलेत, अशांसाठी हे लिहितोय. अविवाहित, वय 31, मास्टर्स, भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव आणि इंग्रजीत सीएलबी 9 (कॅनडाच्या भाषापातळीच्या मोजपट्टीवर 9) असेल, तर सीआरएस, म्हणजे एकूण गुण, 458 येतो. 2025 च्या मे महिन्यात कॅनडातच काम केलेल्यांच्या ड्रॉचा (निमंत्रणांच्या फेरीचा) कटऑफ 547 होता. त्याआधी मार्चमध्ये जॉब ऑफरचे गुणही काढून टाकले. आरोग्यसेवेत असाल तर तुमचे ड्रॉ वेगळे, तिकडेच लक्ष द्या. पुण्या-ठाण्यातून आयटी किंवा फायनान्समध्ये काम करत प्रयत्न करणाऱ्यापुढे मात्र दोनच खरे रस्ते उरतात: पीएनपी (प्रांताने नामांकन देण्याची योजना) आणि फ्रेंच. मी दोन्हींसाठी कागदपत्रं जमवली होती.

आकड्यांत पीएनपी अजिंक्य आहे. नामांकन मिळालं की 600 गुण, म्हणजे 458 चे थेट 1058. पुढचा ड्रॉ जवळजवळ आपलाच. नवीन काही शिकायचं नाही, वेगळी परीक्षा नाही. ज्यांना एखाद्या प्रांतातल्या कंपनीची नोकरी मिळाली आहे किंवा तिथे सख्खा भाऊ-बहीण आहे, त्यांनी हाच रस्ता धरावा असं मलाही वाटतं.

माझं मन उडालं ते एका त्रासामुळे. मी ज्या प्रांतावर भिस्त ठेवली होती, तिथल्या यादीत माझा व्यवसाय होता. त्यांना हवं तसं अनुभवपत्र लागतं: कामाचं स्वरूप तपशीलवार, एनओसी कोडशी (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातल्या क्रमांकाशी) जुळणारं, तास आणि पगारासकट. आपल्याकडे एचआर एका ठरावीक मसुद्यापलीकडे जात नाही. तरी मॅनेजरला विनवून, मेलमागून मेल पाठवून पत्र मिळवलं. तोवर प्रांताने निकष बदलले. नव्या निकषांप्रमाणे कागद तयार केले, तर अर्ज घेणंच थांबवलं. पुन्हा सुरू कधी, याची तारीख नाही. मधल्या काळात माझा वाढदिवस येऊन गेला. तिशीनंतर दर वाढदिवसाला पाच-सहा गुण कमी होतात, ते कमी झाले. महिनोन्‌महिने दमलो आणि हातात शिल्लक काहीच राहिलं नाही, हे मला फार लागलं.

यात प्रांतांचाही पूर्ण दोष नाही. केंद्र सरकारने पीएनपीचं लक्ष्य 2024 मधल्या 1,10,000 वरून 2025 साठी 55,000 वर आणलं, एकदम निम्मं. वाट्याला जागाच कमी आल्यावर प्रांत दार लावून घेणारच. 2026 साठी लक्ष्य पुन्हा वाढवून 91,500 केलंय, त्यामुळे तुमचा अनुभव माझ्यापेक्षा बरा असू शकेल.

फ्रेंचचं गणित वेगळं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही कौशल्यांत एनसीएलसी (फ्रेंचसाठीची तशीच मोजपट्टी) 7, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर साधारण बी2 पातळी गाठली की 458 मध्ये 62 गुणांची भर पडते: दुसऱ्या भाषेचे 12 आणि बोनसचे 50. झाले 520. खरा फायदा मात्र फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीच्या ड्रॉचा. 21 मार्च 2025 च्या अशा ड्रॉमध्ये 7,500 जणांना बोलावलं आणि कटऑफ 379 होता. प्रत्येक वेळी इतका खाली येत नाही, पण क्वेबेकबाहेर फ्रेंच भाषिकांचा वाटा वाढवणं हे सरकारचं जाहीर धोरण आहे. 2025 साठी ते लक्ष्य 8.5 टक्के होतं. शिवाय तुमचा व्यवसाय कोणता, हे या ड्रॉमध्ये कुणी विचारत नाही.

कष्ट आहेत, आणि ते कमी करून सांगणार नाही. नोकरी सांभाळून बी2 गाठायला मला वर्षाहून बराच जास्त वेळ लागला. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचं मराठी माणसाला नवल वाटत नाही, एवढी एक सवलत. ऐकण्याचा भाग सगळ्यात अवघड. बोललेलं एकदाच ऐकू येतं आणि शब्द एकमेकांत मिसळलेले असतात. टीईएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेच्या तोंडी भागात आधी एका जाहिरातीबद्दल प्रश्न विचारून माहिती काढायची आणि मग मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची. व्याकरण पाठ करून हे जमत नाही, रोज कुणाशी तरी बोलावंच लागतं. एका कौशल्यात 6 आले तर या ड्रॉसाठी पात्रता नाही, पुन्हा परीक्षा, पुन्हा फी. संध्याकाळी तास-दीड तास काढणं शक्यच नसेल, तर या वाटेला लागू नये.

तरीही मला ही वाट बरी वाटली, कारण इथे केलेली मेहनत कुणाच्या परिपत्रकाने रद्द होत नाही. निकष बदलले तरी आलेली भाषा जात नाही. निमंत्रणही मला याच वाटेने आलं. आणि नामांकन घेतलं की त्या प्रांतात राहण्याचा खरा इरादा दाखवावा लागतो. फ्रेंचच्या ड्रॉमध्ये क्वेबेक सोडून कुठेही स्थायिक होता येतं. बायको-मुलं बरोबर असतील तर हे स्वातंत्र्य मोठं आहे.

दोन्हींतलं एकच निवडायची सक्ती नाही. प्रोफाइलमध्ये सगळ्या प्रांतांत रस असल्याचं नोंदवून ठेवा आणि फ्रेंचच्या ए1 (अगदी पहिल्या पातळीच्या) वर्गाला नाव घाला. ऑन्टारियोने फ्रेंच येणाऱ्या कुशल कामगारांसाठी अनेक वर्षं वेगळा मार्ग चालवला आहे. त्यातही फ्रेंच एनसीएलसी 7 च मागत आले आहेत.