मोडल: हाताने बांधलेला डिव्ह की ब्राउझरचा डायलॉग?

मोडल म्हणजे पानावर उघडणारी, मिटेपर्यंत मागचं काही वापरू न देणारी खिडकी. डिव्हचा, म्हणजे एचटीएमएलच्या साध्या डब्यातून बांधलेला मोडल पहिल्या दिवशी झटपट उभा राहतो. त्रास नंतर सुरू होतो. टॅब दाबत गेलं की फोकस (कीबोर्ड ज्या घटकावर चालतो ती जागा) मागच्या पानात निसटतो, एस्केपची कळ आपणच सांभाळायची, आणि मोडल ज्याच्या आत आहे अशा एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म (घटक हलवणारा-फिरवणारा सीएसएस नियम) असेल तर झेड-इंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसणार ते ठरवणारा आकडा) ९९९९ देऊनही खिडकी हेडरखाली दबते. माझा अख्खा दिवस त्यात गेला आहे.

एचटीएमएलच्या तयार डायलॉग घटकावर शो-मोडल हे जावास्क्रिप्टचं फंक्शन चालवलं की ब्राउझर त्याला थेट टॉप लेयरमध्ये, म्हणजे पानातल्या सगळ्याच्या वरच्या थरात नेतो. तिथे झेड-इंडेक्सची मारामारीच नाही. मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपने खिडकी मिटते आणि फोकस आधीच्या बटणावर परततो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे. मार्च २०२२ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत हा घटक चालतो.

मागचं स्क्रोलिंग मात्र आपणच थांबवावं लागतं.

पुन्हापुन्हा वापरायच्या कंपोनंटसाठी (पानाच्या सुट्या भागासाठी) मी डायलॉगच घेतो. शीर्षक, मजकूर, बटणं बाहेरून देतो. फक्त ओपन हा अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म) थेट लावू नका: खिडकी दिसते, पण मोडल होत नाही.